डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह: आकडे फुकट, पण शेजारचा रकाना बघूनच उचला

इचलकरंजीत यंत्रमागांच्या कामावर परप्रांतीय आले, तसेच जॉर्जियातल्या डाल्टनला गालिच्यांच्या कारखान्यांत मेक्सिकोतले लोक आले. शिवाजी विद्यापीठात स्थलांतरावर प्रबंध करणाऱ्याला ही तुलना सुचणारच. अडचण अशी की आपली जनगणना उत्पन्न विचारतच नाही. अमेरिकन सेन्सस ब्युरोच्या या संकेतस्थळावर मात्र वस्तीवस्तीची गरिबी मिळते, तीही नावनोंदणी न करता.

शोधात ‘बी१७०२०आय’ टाका. हा हिस्पॅनिकांच्या, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्यांच्या, दारिद्र्याचा तक्ता. मग राज्य, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) आणि ट्रॅक्ट निवडा. ट्रॅक्ट म्हणजे सरासरी ४,००० वस्तीचा तुकडा, आणि त्याला ५ वर्षांच्या नमुना पाहणीचा एकत्रित अंदाजच मिळतो. गोऱ्यांशी तुलना करायची तर तक्त्याच्या नावाच्या शेवटी ‘ए’ नको, ‘एच’ घ्या. हिस्पॅनिक हा तिथं वंश धरत नाहीत, त्यामुळे ‘ए’मध्ये गोरे हिस्पॅनिकही मोजले जातात.

खरी गोम ‘मार्जिन ऑफ एरर’च्या, म्हणजे अंदाज किती वरखाली असू शकतो त्याच्या, रकान्यात आहे. समजा, एका ट्रॅक्टमध्ये ४०० हिस्पॅनिक (±१५०) आणि त्यातले गरीब १२० (±९०). दर ३० टक्के. आता ९० च्या वर्गातून ०.३ × १५० चा वर्ग वजा करा, वर्गमूळ काढा, ४०० ने भागा: ±१९.५ टक्के. म्हणजे खरा दर साडेदहाही असेल, साडेएकोणपन्नासही. ४० टक्क्यांच्या वर ‘अतिगरीब वस्ती’ म्हणायची प्रथा आहे. या आकड्यावर तो शिक्का मारताच येत नाही. शेजारचे ट्रॅक्ट एकत्र करा, नाहीतर काउंटीवर थांबा. नकाशा रंगवायची सोय छान आहे, पण रंगात ही चूक दिसत नाही, म्हणून प्रबंधात तो नकाशा तसाच चिकटवू नये.

काळाची तुलना करताना २०१०-१४ ला २०१५-१९ लावा. २०१६-२० पासून ट्रॅक्टच्या हद्दी बदलल्या, आणि २०१५-१९ शी त्याची वर्षंही एकमेकांत अडकतात. हद्दी जुळवायला एनएचजीआयएस या अमेरिकी जनगणनेचे जुने-नवे आकडे देणाऱ्या संकेतस्थळाचे तक्ते फुकट आहेत, तिथं नोंदणी लागते. कॉलेजगावापासूनही सावध: वसतिगृहातली मुलं दारिद्र्याच्या मोजणीत नसतात, पण बाहेर खोली घेऊन राहणारी असतात, आणि दर उगाच फुगतो.

उतरवलेल्या फाइलीत मथळ्याच्या २ ओळी येतात. दुसरी काढून टाका. ट्रॅक्टचा ११ अंकी क्रमांक एक्सेलमध्ये मजकूर म्हणूनच ठेवा, नाहीतर कॅलिफोर्नियाच्या ०६ या राज्य-क्रमांकातलं सुरुवातीचं शून्य गळतं आणि नकाशाशी जोडणी होत नाही.