सद्गुणांची वही घेताना आधी चौकट बघा

अठराव्या शतकातला अमेरिकन मुद्रक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याच्या तक्त्यावर बेतलेल्या सद्गुणांच्या छापील वह्या मिळतात. मूळ आखणी त्याच्या आत्मचरित्रात आहे: वारांचे 7 उभे रकाने, गुणांच्या 13 आडव्या ओळी आणि रात्री आठवून, जिथे चुकलं त्या चौकटीत काळा ठिपका. दर आठवड्याला एकाच गुणावर डोळा ठेवायचा. बाकी 12 ओळींतही ठिपके पडतात, पडू द्यायचे. 13 आठवड्यांत एक फेरी, वर्षात 4.

वही घेताना आधी बघायचं ते हे, की कोरी चौकट म्हणजे काय. फ्रँकलिनकडे कोरी म्हणजे दिवस निभावला. नव्या वह्यांत अनेकदा हे उलटं असतं: चांगलं वागलात की बरोबरची खूण. वही इथेच बिघडते. दिवसभर कुणी भेटलंच नाही, म्हणून कुणावर डाफरलो नाही, तरी सौम्यपणाला खूण मिळते. ठिपक्याला मात्र घटना लागते: कुणाला, केव्हा, काय बोललो. शिवाय सलग खुणांची माळ तुटू नये म्हणून माणूस एखादी खोटी खूण करून टाकतो, आणि तीही प्रामाणिकपणाच्या ओळीत!

गुणांचा क्रम बदललेली वही नको. खाण्यापिण्यातला संयम पहिला आहे, कारण डोकं जड असेल तर पुढचं काहीच सांभाळता येत नाही. मितभाषण, टापटीप (वस्तूंना जागा, कामांना वेळ) त्यानंतर. नम्रता शेवटी, मूळ यादी 12 गुणांचीच होती, एका क्वेकर (साधेपणा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या) मित्राने गर्विष्ठपणा दाखवून दिल्यावर तेरावा आला.

वर्षाला 52 पानं हवीत, आठवड्याला एक. त्याहून कमी असली तर खोडून तेच पान वापरावं लागतं. फ्रँकलिनच्या वहीला त्यापायी भोकं पडली. मग त्याने हस्तिदंती पानांवर लाल रेघा आखून घेतल्या आणि शिसपेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजाने पुसू लागला.

काही गुण या तक्त्यात मावतच नाहीत. टापटिपीने त्याला सर्वांत जास्त छळलं: छापखान्याचा मालक लोकांच्या सोयीने भेटणार, मग ठरवलेल्या वेळा टिकणार कशा? नम्रतेचं आणखी अवघड. तिथे त्याने युक्ती केली. ‘निश्चितच’, ‘निःसंशय’ असे शब्द टाकले आणि ‘मला वाटतं’ वापरू लागला. नम्रता अंगी किती बाणली याची फुशारकी मारता येत नाही, वरवरची मात्र बरीच साधली, असं त्यानेच लिहिलं आहे. पण युक्ती घेण्यासारखी आहे. ओळीला ‘नम्रता’ लिहून ठेवलं तर रात्री काय तपासणार? ‘समोरच्याचं बोलणं मध्येच तोडलं’ असं लिहा, ठिपका द्यायला क्षणाचाही विचार लागत नाही.

आठवड्याचे ठिपके रविवारी एकदम भरू नका. बुधवारचं तोडून बोलणं तोवर ‘स्पष्टपणा’ झालेलं असतं. रोज रात्री पाच मिनिटं पुरतात. आणि छापील वहीत ठिपक्याखाली एक ओळ लिहायला जागा नसेल, तर साधी रेघी वही घेऊन पट्टीने आखलेली बरी.