वेलांटी दिसली, भाव दिसला नाही

३३,९५० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे लाजेखातर कमी करून सांगेन. यात दवाखान्याचा खर्च धरलेला नाही.

मी मराठीचा शिक्षक. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. 'रामबाण' म्हणजे कधी न चुकणारा बाण, हे किती वर्गांना सांगितलं त्याची मोजदाद नाही. त्याच शब्दाला मी बळी पडलो, हे लिहिताना हात जड होतोय. पण लिहिलंच पाहिजे, कारण रामबाण औषधाच्या नावाने लुबाडणारी ही मंडळी गाव बदलतात, धंदा बदलत नाहीत.

हिच्या गुडघ्यांचा एक्सरे काढायला शेजारच्या जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो होतो. डॉक्टरांनी दोन्ही सांधे बदलायला सांगितलं. हिला बारा वर्षांपासून साखर, ऑपरेशनचं नाव काढलं की पोटात गोळा. स्टँडवर रसवंतीत बसलो तर शेजारचा पोरगा म्हणतो, "मावशी, गुडघे लई दुखायलेत का?" पुढचं तुम्हाला पाठच असेल. त्याची आई, तिची सुटलेली काठी, फी न घेणारे वैद्यबुवा आणि औषध मात्र एकाच दुकानात मिळणार. गिऱ्हाईक गाठणारा पोरगा आणि दुकानदार, ही जोडगोळी कशी चालते ते मीही पेपरात वाचलेलं होतं. वाचलेलं असून गेलो. रात्री भिंत धरत धरत मोरीपर्यंत जाणारी बायको ज्याने पाहिलेली नाही, त्याने मला हसू नये.

दुकानात बरण्या, धन्वंतरीचा फोटो आणि हातात द्यायला एक पिवळं पत्रक. 'रामबाण! अक्सीर! संजिवनी! कायाकल्प!' खाली गुडघेदुखी, साखर, मूळव्याध, लकवा, केसगळती, मूल न होणे. सगळ्यांवर एकच पुडी. एखाद्या शहाण्या माणसाने इथूनच चप्पल घातली असती. मी काय केलं? खिशातला पेन काढला आणि 'संजिवनी'तला 'जि' दीर्घ करून दिला. पहिली वेलांटी पाहवली नाही मला!

"सर मराठीचे का?" दुकानदार हसून म्हणाला. बरोबरच्या पोराने लगेच विचारलं, "गुरुजी, अक्सीर म्हणजे काय हो? आमची आजी म्हणायची."

झालं. एकतीस वर्षांची खोड. मी सांगत सुटलो, की अक्सीर हा शब्द अरबी, 'अल-इक्सीर'. त्यावरूनच इंग्रजी एलिक्झर. तांब्याचं सोनं करणारी किमयागारांची पूड म्हणजे इक्सीर. आणि अरबांनी तो घेतला ग्रीकांकडून, तिथे मूळ अर्थ जखमेवर भुरभुरायची कोरडी पूड. मी 'कोरडी पूड' म्हणत होतो आणि काउंटरवरच्या सोनाराच्या काट्यावर कोरडी पूडच पडत होती. चिमूट, चिमूट, मग चमचा. ग्रीकांची पॅनाकिया नावाची रोग घालवणारी देवीही होती, तेही सांगून घेतलं. सांगायचं काहीच ठेवलं नाही.

भाव आधी विचारला होता मी. "दोनशे ऐंशी." मी धरलं तोळ्याला, म्हणजे सहा तोळ्यांचे १,६८०. तो भाव ग्रॅमचा होता. साठ ग्रॅमचे १६,८००, तेल १,९००, काढा ७५०. एकूण १९,४५०. पूड खलात कालवून झाली होती, "आता परत कशी घेऊ सर?" १२,००० फोनवरून दिले, बाकीच्यासाठी पोरगा माझ्याबरोबर एटीएमला आला. ७,५०० काढले. ५० परत दिले, "मावशींना चहा पाजा" म्हणून. ते पन्नास मी घेतले, हे अजून डाचतं.

वजन व्हायच्या आधी ग्रॅम का तोळा ते कागदावर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर उठा.

आठ दिवसांत गुडघे दुखायचे थांबले. ही जिना चढली. मी चार जणांना फोन करून सांगितलं, त्यातला एक जण पुडी घेऊनही आला, त्याचं पाप वेगळं. महिन्याने दुकानदाराचा फोन, "कोर्स अर्धा सोडला तर उलटतं." आणखी १४,५००. मग हिचा चेहरा सुजून गोल झाला, तोंडाला कोरड, आणि साखर निघाली ३८६. डॉक्टरांनी पुडी पाहून कपाळाला हात लावला. स्टेरॉइड मिसळलेलं दिसतंय म्हणाले. त्याने दुखणं झटकन दबतं, साखर मात्र भडकते. आणि अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर मनाने एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडेच जा.

आता तक्रार. आमच्याकडच्या ठाण्यात म्हणाले, गुन्हा त्या जिल्ह्यात घडला, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणे, पैसे तुम्ही राहता त्या गावच्या खात्यातून गेले. एक हवालदार तर म्हणाला, "सर, एवढं शिकलेले तुम्ही, अन् तुम्हीच असं करायलाव?" मी १९५४ चा जादुई उपायांच्या जाहिरातींचा कायदा सांगितला, त्याच्या जाहिरातबंदीच्या रोगांच्या यादीत मधुमेह आहे, संधिवात आहे, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तो म्हणाला, "मग माहीत असून घेतलं कशाला?" याला काय उत्तर द्यायचं? औषधांच्या खात्यात गेलो. साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा भेटले, म्हणाले लेबल दाखवा. लेबल असतं तर त्यावर परवाना नंबर, बॅच नंबर, घटक आले असते, मग मी तुमच्याकडे कशाला आलो असतो? वैद्याने स्वतःच्या रोग्याला बनवून दिलेल्या औषधाला तो नियम नाही म्हणे. म्हणजे सुटी पुडी का देतात ते कळलं! आणि तुम्ही आणलेली पुडी नमुना म्हणून चालणार नाही, नमुना आमच्या माणसाने दुकानातूनच घ्यायचा. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पावती म्हणाल तर वहीच्या कागदावर नुसते आकडे, वर 'श्री'.

फोनवरून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरला त्याच दिवशी फोन लावा. मी दीड महिन्याने जागा झालो.

परवा शेजारच्या वहिनी आल्या, हातात पिवळं पत्रक. आठवडी बाजारात वाटत होते, तालुक्याच्या गावी नवीन वैद्यबुवा बसायलेत म्हणाल्या. तेच रोग, तीच एक पुडी. फक्त 'संजीवनी'ला आता वेलांटी दुसरी होती.