घोड्याच्या पायाचं प्लॅस्टिक मॉडेल : नऊ महिने हाताळल्यावर

पुढचा उजवा पाय, गुडघ्यापासून खुरापर्यंत, खऱ्या मापाचा, सुटा होणारा. ठाण्यात वर्तकनगरच्या एका खोलीत सहा व्हेटरनरी विद्यार्थ्यांच्या हातून जूनपासून जवळजवळ रोज फिरतोय. परळच्या व्हेटरनरी कॉलेजातल्या डिसेक्शन हॉलची जागा तो घेणार नाही. घरच्या उजळणीला किती उपयोगी, एवढंच बघायचं.

हाडांना नाव ठेवायला जागा नाही. कॅननच्या (गुडघ्याखालचं लांब हाड) दोन्ही बाजूंच्या बारीक स्प्लिंट हाडांच्या खालच्या टोकाची गाठ बोटाला लागते. कॅननमागच्या सस्पेन्सरी लिगामेंटच्या दोन फांद्या फेटलॉकमागच्या (कॅननच्या खालच्या टोकाचा सांधा) सेसमॉइड या छोट्या हाडांवर बसून पुढे एक्स्टेन्सर टेंडनकडे (पाय सरळ करणारा) वळताना स्पष्ट दिसतात. डीप फ्लेक्सरला (पाय दुमडणारा आतला टेंडन) आधार देणारं चेक लिगामेंट मात्र गायब! त्यामुळे मागून पुढे सुपरफिशियल, डीप, सस्पेन्सरी असे तीनच थर पाठ होतात, आणि खऱ्या पायावर कॅननच्या वरच्या अर्ध्यात चौथं काही लागलं की ती सूज वाटते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवून ही उणीव भरता येते.

खरी गोची खुरात आहे. नॅव्हिक्युलर हे छोटं हाड कॉफिन बोनला (खुरातलं मुख्य हाड) कायमचं चिकटवलंय आणि डीप फ्लेक्सर थेट त्यावर रंगवलाय, म्हणजे मधली बर्सा (घर्षण कमी करणारी द्रवाची पिशवी) दिसतच नाही. फ्रॉगच्या (खुराच्या तळव्यावरचा त्रिकोणी मऊ भाग) मधल्या तिसऱ्या भागात खिळा घुसला की तो टेंडनमधून याच बर्सापर्यंत पोचू शकतो, कॉफिन जॉइंटही धोक्यात येतो. म्हणून शक्य असेल तर खिळा उपटण्याआधी एक्स-रे काढायचा. हे सगळं ज्या जागेमुळे कळतं, तीच जागा इथे बुजवलीये. हाड करवतीने सुटं करून त्याच्या मागच्या बाजूवर, टेंडन जातो तिथे, फुग्याचा तुकडा ठेवला की चित्र उलगडतं.

रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंच्या (नर्व्ह) बाबतीत मॉडेल निव्वळ दिशाभूल करतं. पास्टर्नवर (फेटलॉक आणि खुरामधला भाग) पुढून मागे व्हेन, आर्टरी, नर्व्ह हा क्रम बरोबर आहे, पण तिघांची जाडी सारखीच. शिवाय अर्गटचं (फेटलॉकमागची शिंगासारखी गाठ) लिगामेंट दाखवलेलंच नाही. ते कातडीखाली तिरपं उतरतं आणि नवख्या बोटाला हमखास नर्व्ह वाटतं. नर्व्ह ब्लॉक (दुखणं कुठे आहे ते शोधायला नर्व्हजवळ बधिर करणारं औषध टोचणं) चुकण्याचं हे एक नेहमीचं कारण. पामर डिजिटल (पास्टर्नच्या मागच्या बाजूच्या) नर्व्हच्या ब्लॉकला, खुराच्या दोन्ही बाजूंच्या कोलॅटरल कार्टिलेज या कूर्चेच्या जरा वर, २५ गेजच्या सुईने, दर बाजूला साधारण दीड मिली पुरतं. जास्त भरलं तर औषध वर पसरतं आणि निदानाचा घोळ होतो. डिजिटल पल्सचा (खुराकडे जाणाऱ्या आर्टरीची नाडी) सराव तर मॉडेलवर शक्यच नाही. त्यासाठी जिवंत घोडा हवा : फेटलॉकच्या बाजूला, सेसमॉइडवर, हलक्या बोटाने. जोरात दाबलं की नाडी हरवते. निरोगी पायात ती मंद असते. आधी तीच ओळखीची झाली, तर लॅमिनायटिसमधली (खुराची भिंत हाडाला धरून ठेवणाऱ्या पापुद्र्यांची, म्हणजे लॅमिनींची, सूज) उसळणारी नाडी लगेच कळेल.

पावसाळ्यात मॉडेलचे भाग जोडणारे लोहचुंबक गंजले, जुलैअखेर खुराची भिंत नीट बसेना. लॅमिनीवरचा रंगही पोपडे धरून सुटला. चुंबकांना नेलपॉलिशचा हात द्या, मॉडेल सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि स्पिरिटने पुसू नका, उरलेला रंगही जातो.