‘झिरो लेटन्सी’च्या नावाने विकलेलं फुकटचं बटण

सिंधुदुर्गातली भजनी मंडळं, दशावतारी कंपन्या आणि घरच्या खोलीत माइक लावून गाणी रेकॉर्ड करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. ‘होम स्टुडिओ फुल सेटअप, लायसन्स सॉफ्टवेअरसकट, घरपोच’ असं सांगत एक माणूस सध्या कुडाळ, कणकवली, मालवण पट्ट्यात फिरतोय. माझे ७७,५०० रुपये त्याच्याकडे गेले. त्यातला काही माल हलका निघाला, काही चक्क खोटा. तसले फसवणारे पैशाला पासरी मिळतात. पण हेडफोनमधल्या आवाजाच्या बाबतीत याने जे केलं ते इतकं बेरकी आहे, की ज्याचा या तंत्राशी रोजचा संबंध नाही त्याच्या ते ध्यानातच येणार नाही. म्हणून तेवढं नीट सांगतो, बाकीचं ओघाओघाने येईल.

आमच्याकडे डबलबारीचं, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याचं, वेड किती, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. दोन बुवा समोरासमोर बसले की रात्र कमी पडते. हल्ली त्यात यूट्यूबची भर पडली आहे. गणपतीच्या आधी प्रत्येक मंडळाला नवा गजर, नवी गौळण लोकांच्या मोबाइलवर पोचवायची असते आणि आषाढ-श्रावणात जवळपासच्या स्टुडिओंत तारीख मिळत नाही. आमच्या चिऱ्याच्या घराला पडवीलगत एक रिकामी खोली आहे. तिथेच सोय करावी असं मंडळात ठरलं आणि एका व्हॉट्सअॅप ग्रुपवरून या गृहस्थाचा नंबर आला.

माणूस बोलायला गोड. खोलीत शिरला, एक टाळी वाजवली, कान टवकारले आणि म्हणाला, “काका, रूम बोलतेय तुमची. ट्रीटमेंट लागेल.” ६२ हजारांचं पॅकेज ठरलं. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा आणि परत हेडफोनला देणारा डबा), कंडेन्सर माइक, तीन हेडफोन, ‘चार जणांसाठी हेडफोन अॅम्प्लिफायर’, भिंतीला लावायचा फोम आणि एका मोठ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं ‘लाइफटाइम लायसन्स’. पैसे यूपीआयने, पण त्याच्या नव्हे तर मेहुणीच्या नावावर. “बँकेचं काम चाललंय काका, दोन दिवसांचा प्रश्न आहे.”

जोडणी झाली, बुवांनी माइकसमोर दोन ओळी म्हटल्या, हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ. तो गेला. खरं रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा गंमत कळली. पेटी आणि पखवाज आधी रेकॉर्ड करून ठेवले होते, त्यावर बुवांनी अभंग उचलला आणि दुसऱ्याच ओळीला हेडफोन काढून ठेवला. “माज्या वांगडा दुसरो कोण गाता रे?” त्यांना स्वतःचाच आवाज दोनदा ऐकू येत होता, एक आत्ताचा आणि एक मागून येणारा. अशा आवाजावर लय धरणं कुणालाही अशक्य आहे. चाळीस वर्षं गाणाऱ्यालाही.

फोन लावला. उत्तर तयारच होतं. “काका, ही लेटन्सी, आवाज उशिरा पोचतोय. तुमचा लॅपटॉप जुना, प्रोसेसर झेपत नाही. नवा लॅपटॉप घ्या, नाहीतर आमचं झिरो लेटन्सी प्लग-इन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाका, १२ हजार. आणि मूळ ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेस चालवणारा प्रोग्रॅम, टाकावा लागेल, त्याचे साडेतीन.” नव्या लॅपटॉपपेक्षा हे स्वस्त. रिमोट अॅपवरून त्याने लॅपटॉप हातात घेतला, आमच्याकडचा पडदा काळा झाला (“प्रायव्हसी मोड आहे, घाबरू नका”) आणि थोड्या वेळाने पडद्यावर हिरव्या दिव्याची एक खिडकी उभी राहिली. बुवांनी गाऊन बघितलं. दुसरा आवाज गायब. पैसे दिले आणि आम्ही कामाला लागलो.

नारळी पौर्णिमेच्या सुमाराला तो दुसरा आवाज परत आला. हिरवा दिवा लाल झाला होता. “वार्षिक रिन्यूअल, काका. आठ हजार.” प्लग-इन घेऊन वर्ष सोडा, दोन महिनेही झाले नव्हते. तेव्हा तो म्हणाला, की पहिला काळ ट्रायलचा धरतात.

हे आठ हजार वाचले ते माझ्या भाच्यामुळे. तो मुंबईत डबिंगच्या स्टुडिओत कामाला आहे आणि सगळ्या चाकरमान्यांसारखा गणपतीला घरी येतो. त्याने काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण तुम्हालाही तेच करून बघता येईल. आधी लॅपटॉपचं नेट बंद केलं. मग हिरव्या-लाल दिव्याचा तो प्रोग्रॅम बंद केला. मग रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये बुवांच्या ट्रॅकवर (त्यांच्या आवाजाच्या पट्टीवर) स्पीकरचं चित्र असलेलं एक बारीक बटण होतं, ते दाबलं. दुसरा आवाज गेला. पुन्हा दाबलं, आला. बुवा बाजूलाच होते. म्हणाले, “ह्या बटणाचे किती घेतल्यान म्हणालंस?”

आता यामागचं तंत्र. माइकमधला आवाज हेडफोनपर्यंत दोन वाटांनी जाऊ शकतो. एक वाट इंटरफेसच्या आतल्या आत: माइक, इंटरफेस, हेडफोन. याला डायरेक्ट मॉनिटरिंग म्हणतात. बहुतेक छोट्या इंटरफेसवर त्याचं बटण किंवा खुंटी असते, आणि या वाटेने जाणवेल असा उशीर होतच नाही. दुसरी वाट लांबची. आवाज इंटरफेसमधून यूएसबीने लॅपटॉपमध्ये जातो, सॉफ्टवेअरमधून फिरतो आणि परत हेडफोनला येतो. या वाटेवर लॅपटॉप आवाज थोडा थोडा साठवून पुढे ढकलतो. एका वेळी किती साठवायचा त्या आकड्याला बफर म्हणतात. बफर १०२४ सॅम्पलवर (सॅम्पल म्हणजे आवाजाचा एक बारीक तुकडा) असेल आणि सेकंदाला ४४,१०० सॅम्पल जात असतील, तर जाताना सुमारे २३ मिलिसेकंद आणि येताना तेवढेच, असा साधारण ४६ मिलिसेकंदांचा उशीर नुसत्या बफरमुळे होतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे बुवांना आपलाच आवाज पंधरा-सोळा मीटरवरून ऐकू आल्यासारखा झाला. बुवा देवळाच्या सभामंडपात गातात आणि त्यांचा आवाज त्यांना दीपमाळेपाशी उभ्या असलेल्या कुणाकडून तरी ऐकू येतो, असंच समजा.

दोन्ही वाटा एकदम चालू ठेवल्या की आवाज दोनदा येणार, हे ठरलेलं. गायकाला सरळ आवाज हवा असेल तर डायरेक्ट मॉनिटर चालू ठेवायचा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग, म्हणजे ते स्पीकरचं बटण, त्या ट्रॅकपुरतं बंद करायचं. आवाजावर रिव्हर्ब (घुमारा) घालून ऐकायची सवय असेल, म्हणजे सॉफ्टवेअरमधूनच ऐकायचं असेल, तर उलट: डायरेक्ट मॉनिटर बंद आणि गाताना बफर १२८ किंवा ६४ पर्यंत खाली. सेकंदाला ४८,००० सॅम्पल धरले तर १२८ चा बफर एका बाजूला तीन मिलिसेकंदांपेक्षाही कमी होतो, आणि जाऊन-येऊन सगळा उशीर दहाच्या आसपास असेल तर बहुतेक गायकांची तक्रार नसते. मिक्सिंगच्या वेळी बफर पुन्हा वाढवावा, नाहीतर जुन्या लॅपटॉपवर आवाज कडकड तुटतो. बस. यात विकत घेण्यासारखं काही नाही.

ड्रायव्हरचंही तेच. विंडोजवर अशा कामासाठी अॅसिओ नावाची पद्धत वापरतात, ती स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणली. इंटरफेस बनवणारी कंपनी आपला अॅसिओ ड्रायव्हर स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट ठेवते. माझ्याकडून त्याचे साडेतीन हजार घेतले आणि टाकला मात्र कुठल्याही साउंडकार्डला चालणारा सर्वसाधारण ड्रायव्हर. त्यामुळे आणखी एक घोटाळा झाला. ड्रायव्हर आपला उशीर सॉफ्टवेअरला सांगतो आणि सॉफ्टवेअर त्या हिशेबाने नवा ट्रॅक मागे सरकवून जुन्याशी जुळवतं. ड्रायव्हरने आकडा चुकीचा सांगितला तर ऐकताना सगळं ठीक वाटतं, पण रेकॉर्ड झालेला आवाज पखवाजाच्या मागे पडतो. आमचे आधीचे अभंग सगळे असेच मागे पडलेले निघाले आणि बिचाऱ्या पखवाजवाल्याने उगाच बोलणी खाल्ली. हे तपासायला एक केबल पुरते. इंटरफेसचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडा, एका ट्रॅकवरचा टिकटिक आवाज दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा आणि दोन्ही मोठे करून बघा. एका ट्रॅकवरच्या टिकटिकीच्या बरोबर खाली दुसऱ्यावरची टिकटिक यायला हवी. हे करताना दुसऱ्या ट्रॅकचं मॉनिटरिंग आणि डायरेक्ट मॉनिटर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर शीळ सुटेल.

हे सगळं अज्ञानातून झालं असेल, असं कुणी म्हणेल. मलाही तसं वाटलं असतं. पण भाच्याने त्या रिमोट अॅपच्या नोंदी उघडल्या. त्यात कायमचा पासवर्ड घालून ठेवला होता, म्हणजे आम्ही ‘हो’ न म्हणताही त्याला आत येता येत होतं. आमच्याकडे नेटचा वेग यथातथाच, म्हणून व्हिडिओ अपलोडला लावून लॅपटॉप रात्रभर चालू असतो. अशाच एका रात्री दीडच्या पुढे जोडणी झाल्याची नोंद होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लाल! दिव्याचा प्रोग्रॅम काढून टाकला, आवाजात तसूभर फरक पडला नाही. नुसतं चित्र होतं ते; खरं बटण तो आत शिरून स्वतःच दाबत होता.

मग बाकीचा माल बघायचं ठरलं. हेडफोन अॅम्प्लिफायर म्हणून दिलेल्या डब्याला चार खुंट्या होत्या, पण अॅडॅप्टर नव्हता. बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने स्क्रू काढून बघितलं आणि विचारलं, “ह्येच्यात अॅम्प्लिफायर खय आसा? मशीन म्हटला तर करंट नको?” आत वायरी, खुंट्या आणि वजन यावं म्हणून चिकटवलेली लोखंडी पट्टी. एकच आवाज चौघांत वाटणारा साधा स्प्लिटर तो. तरीच दुसरा, तिसरा हेडफोन लावला की पहिल्याचा आवाज खाली जायचा. हेडफोनच्या खोक्यावर ८० ओहम (हेडफोनचा विजेला होणारा रोध) आणि प्रत्यक्ष हेडफोनवर ३२ ओहम छापलेलं. त्यातले दोन मागून जाळीचे, म्हणजे मिक्सिंगला ठीक, पण माइकसमोर गाणाऱ्याच्या कामाचे नाहीत, कारण कानातली पेटी माइकमध्ये उतरते. गाणाऱ्याला मागून बंद हेडफोनच द्यावा. फोमबद्दल काय बोलू! फोम खोलीतला घुमणारा आवाज कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. कौलांवरचा पाऊस आणि परसातले बेडूक आमच्या गौळणीत आहेत ते आहेतच, आणि श्रावण संपायच्या आत फोमवर बुरशी.

‘लाइफटाइम लायसन्स’ अर्थातच चोरीचं. त्याची खूण सोपी होती: बसवताना अँटिव्हायरस बंद करायला लावला होता आणि “सॉफ्टवेअर अपडेट मागेल, कधीच हो म्हणू नका” अशी ताकीद दिली होती. खरं लायसन्स तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर येतं, आणि उद्या लॅपटॉप बदललात तर त्याच खात्यातून किंवा फाइलवरून परत बसवता येतं. असल्या चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर पासवर्ड पळवणारे प्रोग्रॅमही येतात, म्हणून मंडळाच्या यूट्यूबचा, ईमेलचा, बँकेचा असे सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले, नोंदींचे फोटो काढले, गाणी वेगळ्या डिस्कवर घेतली आणि मग लॅपटॉप फॉरमॅट केला. हा क्रम महत्त्वाचा. आधी फॉरमॅट केलं तर पुरावाही त्याबरोबर जातो. आता आम्ही रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरतो. ते ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि छोट्या वापरासाठी लायसन्स ६० डॉलरला मिळतं. नुसता एक आवाज रेकॉर्ड करून कापाकापी करायची असेल तर ऑडॅसिटी फुकट आहे.

बिलावर जीएसटी नंबर होता. पंधरा अक्षरं, सुरुवातीला महाराष्ट्राचा २७, सगळं शिस्तीत. जीएसटीच्या पोर्टलवर तो कुणालाही फुकट तपासता येतो. आम्ही टाकला तर तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका टाइल्सच्या दुकानाचा निघाला. त्या दुकानदाराला बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार केली आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरून असे उद्योग करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मालाबद्दल ग्राहक आयोगाची वाट आहे. त्यासाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ‘ग्राहक’ म्हणून दाद मागता येत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतला असेल तर त्याला सूट आहे. तेव्हा तक्रारीत कशासाठी घेतलं ते स्पष्ट लिहा.

चौकशी करताना कळलं, की आणखी दोन मंडळांना याने असंच गंडवलंय. एकाने तर रिन्यूअलही भरलं. दोघंही लोक हसतील म्हणून गप्प होते. मला या गप्प बसण्याचा जास्त राग येतो. ते आधी बोलले असते तर माझे पैसे वाचले असते, आणि तिघांची तक्रार एकत्र गेली असती तर पोलिसांनाही ती जड वाटली असती. आता आम्ही तिघं एकत्र जाणार आहोत.

गेल्या आठवड्यात वेंगुर्ल्याच्या एका ग्रुपवर त्याची नवी जाहिरात आली. फोन नंबर बदललाय, पॅकेजचं नाव बदललंय, दर ६८ हजार केलाय. ‘आमचं काम’ म्हणून जो फोटो टाकलाय तो माझ्या खोलीचा आहे. डाव्या कोपऱ्यात खिडकीच्या गजाला बांधलेली निळी नायलॉनची दोरी आणि तिच्यावर वाळत घातलेला माझा टॉवेल दिसतो. ही जाहिरात तुमच्या ग्रुपवर आली तर माझं हे सगळं तिच्याखाली चिकटवा.