किचन ट्रॉली आणि कपाटासाठी बोर्ड: मरीन प्लायपासून कडप्प्यापर्यंत

सिंकखालचं दार उघडा आणि तळाच्या फळीच्या मागच्या कोपऱ्यात, पाइप भिंतीत शिरतो त्या भोकाच्या कडेला, अंगठ्याने दाबून बघा. सनमाइका उचलला असेल आणि अंगठा रुतत असेल, तर फळीने पाणी प्यायलं आहे. वरून सांडलेलं पाणी सनमाइकावरून पुसलं जातं, पण भोक पाडताना उघडी पडलेली कड कुणी बंद करत नाही आणि पाणी तिथूनच शिरतं. नाशिकमध्ये मे महिना कडक कोरडा, तर जुलै-ऑगस्टमध्ये टॉवेलसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाही. लाकूड या दोन्ही टोकांना आकसतं आणि फुगतं. त्यामुळे इथे प्रत्येक बोर्डाचं परीक्षण तो घरात कुठे बसणार आहे, यावरून केलं आहे.

आधी मरीन प्लाय. दुकानात ‘सातशे दहा’ म्हटलं की हाच पुढे येतो. आयएस ७१० हे मरीन प्लायचं भारतीय मानक. त्यातला नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थरांची पकड तपासतात. आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायचं मानक. त्यात एमआर हा ओलावा सोसणारा आणि बीडब्ल्यूआर हा उकळतं पाणी सोसणारा, अशा प्रती असतात. मुख्य फरक गोंदाचा. एमआरमध्ये युरिया फॉर्माल्डिहाइड असतं, मरीनमध्ये फिनॉल फॉर्माल्डिहाइड. कडेने पाहिलं तर फिनॉलची रेघ गडद तपकिरी दिसते, युरियाची फिकट. पण रंग मिसळून रेघ गडद करता येते, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.

शीटवर ‘७१० ग्रेड’ एवढंच छापलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. आयएसआयचं चिन्ह, त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कशासाठी आणि चालू आहे की नाही हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. त्यानंतर शीटवर नाण्याने टकटक करत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जा. मध्येच आवाज पोकळ आला तर आतल्या थरांत फट आहे आणि तिथे बसवलेला बिजागरीचा स्क्रू वर्षभरात सैल होईल. १९ मिमीची आठ बाय चारची शीट साधारण ३५ ते ४० किलो भरते. त्यापेक्षा बरीच हलकी लागली तर आत पॉपलरसारखं मऊ लाकूड जास्त आहे असं समजा. जाडी कॅलिपरने चारही बाजूंनी मोजा.

शंका उरलीच तर चार इंची चौकोनी तुकडा कापून घ्या, जाडी लिहून ठेवा आणि जुन्या पातेल्यात ८ तास उकळा. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. एमआरचा तुकडा पुस्तकासारखा उलगडतो. खरा मरीन फुगतो थोडा, पण थर सोडत नाही. ओट्याखालच्या खोक्यांसाठी आणि बाथरूमच्या भिंतीला लागून येणाऱ्या कपाटासाठी मरीनचे पैसे मोजावेत. बेडरूममधल्या कोरड्या भिंतीवरच्या कपाटाला बीडब्ल्यूआर पुरतो. तिथे मरीन लावणं म्हणजे उगाच खर्च.

एचडीएचएमआर, म्हणजे जास्त घनतेचा, दमटपणा सोसणारा बोर्ड, सध्या बराच खपतो. लाकडाचा बारीक तंतू दाबून केलेला हा बोर्ड, घनता घनमीटरला साधारण ८५० किलो, म्हणजे १८ मिमीची शीट ४५ किलोच्या घरात. पृष्ठभाग एकसारखा असल्यामुळे पीयू (पॉलियुरेथेन) रंग किंवा नक्षीकाम केलेल्या शटरला याच्याइतका देखणा बोर्ड नाही. मात्र ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकला जातो ते ऐकू नका. तो दमटपणा सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. कडेत स्क्रू मारताना आधी बारीक ड्रिलने भोक पाडलं नाही तर बोर्ड उभा चिरतो. शटरला घ्यावा, सिंकच्या तळाला नाही.

तयार मॉड्युलर फर्निचरमध्ये बहुतेकदा प्री-लॅमिनेटेड पार्टिकल बोर्ड निघतो, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला आणि वर आधीच लॅमिनेट चिकटवलेला. कोरड्या खोलीत, चारही कडांना मशिनने पट्टी लावलेली असेल तर तो नीट चालतो. त्याची खरी अडचण स्क्रूची. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा धरत नाही, आतला भुसा सुटून येतो. दोन-तीन वर्षांत घर बदलणार असाल तर हे कपाट दुसऱ्या फ्लॅटमध्ये उभं राहताना डुगडुगेल. किचनमध्ये तर नकोच.

डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा मिसळलेलं प्लास्टिक) आणि पीव्हीसी (नुसतं प्लास्टिक) बोर्डाला पाणी आणि वाळवी दोन्ही लागत नाही. पण उष्णतेने तो मऊ पडतो. शेगडीच्या शेजारी किंवा ओव्हनच्या खोक्याला लावला तर वाकतो, आणि लांब फळी वजनाखाली पोट काढते. सिंकखाली आणि बाथरूममधल्या छोट्या कपाटाला उत्तम, बाकी ठिकाणी टाळा.

आणि कडप्पा. नव्या फ्लॅटमध्ये तो जुनाट वाटतो म्हणून तोडून टाकतात, याचं खरोखर वाईट वाटतं. ओट्याखाली कडप्प्याचे उभे कप्पे आणि त्यात स्टीलच्या ट्रॉल्या, या रचनेला वाळवी नाही, फुगणं नाही आणि गोंदाचा वासही नाही. हा चुनखडीचा दगड असल्याने लिंबू किंवा चिंचेचं पाणी सांडून राहिलं तर डाग पडतो, एवढंच जपायचं. सिंकखालचा कप्पा आणि वर्षाच्या गव्हाची कोठी ठेवायची जागा तरी कडप्प्याचीच असू द्या. ५० किलोची कोठी कुठल्याही फळीवर ठेवायची वस्तू नव्हे.

फळीच्या लांबीचा हिशोब बहुतेक घरांत चुकतो. त्याच दाटीने सामान भरलं आणि आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर फळीचा झोल १६ पट होतो. १८ मिमीऐवजी २५ मिमी घेतली तर झोल साधारण पावणेतीन पट कमी होतो. पार्टिकल बोर्डाची फळी दोन फुटांवर नेऊ नका, प्लायची अडीच ते तीन फुटांपर्यंत चालते. भांडी बाजारातून आणलेली पितळी पातेली वरच्या कप्प्यात रचणार असाल तर मध्ये एक उभी फळी हवीच.

आता वासाबद्दल, कारण लहान मूल असलेल्या घरात हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. नवं कपाट उघडलं की डोळे चुरचुरतात ते बहुतांशी फॉर्माल्डिहाइडमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. युरियाच्या गोंदातून ते वर्षानुवर्षं हळूहळू सुटत राहतं, आणि उष्णता व दमटपणा वाढला की जास्त सुटतं. म्हणजे मेच्या उकाड्यात किंवा पावसाळ्यात बंद ठेवलेल्या बेडरूममध्ये जास्त. बोर्डातून ते किती सुटतं यावरून ई-१, ई-० अशा प्रती ठरतात. ई-१ साठी चाचणीच्या बंद पेटीतल्या हवेत मर्यादा ०.१ पीपीएम (दहा लाख भागांत ०.१ भाग) आहे, ई-० त्याहून कमी. कंपनीकडून या प्रतीचा चाचणी अहवाल मागा. बाळाच्या खोलीत ई-१ पेक्षा जास्त सोडणारा बोर्ड नको. दोन्ही बाजूंना लॅमिनेट, सर्व कडांना पट्टी आणि वापरात नसलेल्या भोकांना टोपी लावली की उत्सर्जन बरंच घटतं. सनमाइका डकवायला सॉल्व्हंटचा गोंद वापरला असेल तर त्याचा वास वेगळा. पाण्यातला पांढरा गोंद घरातल्या कामाला चांगला. काम झाल्यावर दोन-तीन आठवडे दारं-खिडक्या उघड्या ठेवून मगच कपडे लावा.

आतली बाजू कोरी ठेवून बाहेरच सनमाइका लावणं ही खर्च वाचवण्याची जुनी सवय. एक बाजू हवेतला ओलावा घेते, दुसरी घेत नाही, आणि सात फुटी शटर पावसाळ्यात धनुष्यासारखं वाकतं. बाहेर १ मिमी लॅमिनेट असेल तर आत ०.८ मिमीचं लायनर लावायलाच हवं. इतक्या उंच शटरला प्लायपेक्षा ब्लॉकबोर्ड (मध्ये लाकडाच्या पट्ट्या भरलेला बोर्ड) सरळ राहतो. बिजागऱ्या तीन फुटांपर्यंत दोन, पाच फुटांपर्यंत तीन आणि सात फुटांना चार ते पाच.

पावसाच्या झडीची भिंत पश्चिमेला असेल तर कपाट भिंतीपासून किमान अर्धा इंच पुढे घ्या. त्याच्या मागे ६ मिमीचा पाणी सोसणारा प्लाय द्या आणि भिंतीची ओल आधी दुरुस्त करून घ्या. मैद्यासारखी बारीक पूड पडत असेल तर लाकूड पोखरणारा भुंगा आहे; मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि ती भिंतीतून किंवा फरशीखालून येते. फळी बदलून वाळवी जात नाही, भिंतीला उपचार करावा लागतो. त्या दिवशी भांडी आणि धान्य खोलीबाहेर काढा.

स्टीलच्या ट्रॉल्या घेताना चुंबकावर भरवसा ठेवू नका. ३०४ क्रमांकाच्या स्टीलला चुंबक जवळपास चिकटत नाही आणि स्वस्त २०२ लाही नाही, पण मिठाच्या बरणीखाली गंज २०२ ला लवकर चढतो. तपासणीचं रसायन मिळतं. एक थेंब टाकून दाखवायला सांगा.

सुताराला काम देताना लेखी मागायचं ते असं: मानक क्रमांकासह प्लायची प्रत, मोजलेली जाडी, आतलं लायनर, कडेच्या पट्टीची जाडी आणि स्टीलचा क्रमांक. सिंकखाली पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला एपॉक्सी किंवा सिलिकॉन लावल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.