कम्युनिटी कॉलेजातून पुढे कुठे: यूएससी की यूसी?

कॅलिफोर्नियात मूल कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षं स्वस्तात शिकवणाऱ्या सार्वजनिक कॉलेजात) शिकत असेल, तर दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला घरात हा विषय निघतोच. लॉस एंजेलिसच्या यूएससीसारख्या (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) नावाजलेल्या खासगी विद्यापीठात ट्रान्स्फर मागायची, म्हणजे उरलेली पदवी तिथे पुरी करायची, की राज्याच्या यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॅम्पसवर, म्हणजे यूसीएलए, बर्कली, अर्व्हाइन, डेव्हिस यांवर, भर द्यायचा? दोन्हीकडे अर्ज करता येतो, आणि बरेच जण करतातही. पण तयारी दोन्हीची वेगळी असते आणि ती पहिल्या वर्षापासून करावी लागते. म्हणून निदान पहिली पसंती लवकर ठरलेली बरी.

आधी एक मनातलं सांगते. आपल्या लोकांत अजूनही कम्युनिटी कॉलेजचं नाव दबक्या आवाजात घेतलं जातं. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, तर आई-वडील विषय बदलतात. मला याचं फार वाईट वाटतं. आपल्याकडे डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलांना कोण नावं ठेवतं? इथला रस्ताही तसाच राजमार्ग आहे. राज्याच्या रहिवाशाला एका सेमिस्टर युनिटची (युनिट म्हणजे कोर्स मोजायचं माप, क्रेडिट) फी 46 डॉलर पडते, आणि शेवटी पदवीवर नाव मोठ्या विद्यापीठाचंच येतं.

आता तुलना. प्रवेशाच्या टक्केवारीवर फार वेळ घालवू नका. अलीकडच्या वर्षांत यूएससी काय आणि यूसीएलए काय, ट्रान्स्फर मागणाऱ्या चारांतल्या साधारण एकाला घेतात. विषयानुसार हा आकडा पार बदलतो, यूसीएलएच्या कम्प्युटर सायन्सला तर तो दहा टक्क्यांच्याही खाली असतो. निर्णय फिरतो तो युनिट्सवर. तुमच्या मुलाने घेतलेल्या कोर्सपैकी किती मोजले जाणार आणि पदवीला अजून किती वर्षं लागणार, हे आधी कागदावर मांडा.

यूसीकडे हे काम सोपं आहे. 'असिस्ट' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर तुमचं कॉलेज, हवा तो कॅम्पस आणि विषय निवडला की दोन रकाने समोर येतात. एकीकडे यूसीला हवा असलेला कोर्स, दुसरीकडे त्याच्या जागी चालणारा तुमच्या कॉलेजचा कोर्स. क्युपर्टिनोच्या डी अँझासारख्या कॉलेजात क्वार्टर पद्धत आहे, म्हणजे वर्षात दोन सेमिस्टरऐवजी तीन छोटी सत्रं. तिथे सेमिस्टरचा एक कोर्स दोन-तीन क्वार्टर्समध्ये विभागलेला असतो, आणि मालिकेतला शेवटचा कोर्स राहिला तर आधीचेही त्या अटीपुरते अडकतात. हे असिस्टवर स्पष्ट दिसतं. यूसी ट्रान्स्फरवाल्यांना जवळजवळ नेहमी तिसऱ्या वर्षालाच घेतं, त्यासाठी 60 सेमिस्टर किंवा 90 क्वार्टर युनिट्स लागतात. सामान्य शिक्षणाचा, म्हणजे कोणत्याही विषयाला लागणाऱ्या सक्तीच्या कोर्सचा, ठरलेला गठ्ठा (आधी 'आयगेट्सी', आता 'कॅल-गेट्सी') पुरा केला की बहुतेक विषयांत ती बाजू मिटली. इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र आधी विषयाचे कोर्स संपवावेत.

यूएससी तो गठ्ठा गठ्ठा म्हणून स्वीकारत नाही. एकेक कोर्स वेगळा तपासला जातो. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांशी त्यांचे करार आहेत, त्या यादीत तुमचा कोर्स आहे का, ते पाहावं लागतं. शिवाय पदवीच्या 128 युनिट्सपैकी बाहेरून जास्तीत जास्त 64 चालतात. उरलेली निम्मी यूएससीतच, म्हणजे तिथे गेल्यावर किमान चार सेमिस्टर ठरलेलीच. वरच्या पातळीचा लेखनाचा कोर्सही तिथेच करावा लागतो. समजा तुमच्या मुलाची साठ युनिट्स आहेत, पण यूएससीच्या हिशोबात त्यातली चाळीसच बसली, तर दोन वर्षांत पदवी होणं अवघड. तिसरं वर्ष लागू शकतं, आणि त्या जादा वर्षाची किंमत मोठी आहे.

एका बाबतीत यूएससी जास्त मोकळं आहे. कम्युनिटी कॉलेजचं एकच वर्ष झालेल्या मुलालाही ते घेतात. पण मग बारावीपर्यंतचे मार्कही बारकाईने पाहिले जातात. ट्रान्स्फरला हायस्कूलची गुणपत्रिका ते तशीही मागतात. यूसी ट्रान्स्फरमध्ये भर देतं तो कॉलेजच्या गुणांवर. हायस्कूलमध्ये घसरलेलं आणि कॉलेजात सावरलेलं मूल असेल, तर मी निःसंकोच म्हणेन, यूसी.

पैशाचं गणित मात्र खूप घरांत उलटं मांडलं जातं. यूएससीत राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च 95 हजार डॉलरच्या वर जातो. यूसीत राज्याच्या रहिवाशाला कॅम्पसवर राहून साधारण 45 हजार. उत्पन्न कमी असलेल्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक कुटुंबांना यूएससी गरजेनुसार भरघोस मदत देतं, कधी इतकी की यूसीपेक्षा स्वस्त पडतं. त्यासाठी फाफ्साबरोबर (केंद्र सरकारचा मदतीचा अर्ज) सीएसएस प्रोफाइल हा दुसरा, अधिक तपशिलाचा अर्जही भरावा लागतो. दोघंही आयटीत असलेल्या आपल्या नेहमीच्या घरांना ही मदत सहसा मिळत नाही. गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्याही ट्रान्स्फरवाल्यांसाठी मोजक्याच असतात. दोन्ही विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर निव्वळ खर्चाचा कॅल्क्युलेटर आहे. अर्ज लिहायला बसण्याआधी एक संध्याकाळ आई-वडील आणि मूल मिळून त्यावर बसा.

एच-4 व्हिसावरच्या (एच-1बीवर नोकरी करणाऱ्यांच्या) मुलांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो आपल्याच घरांत सर्वांत जास्त आहे. एच-4 असताना यूसीत रहिवासी दर, म्हणजे राज्याच्या रहिवाशांची कमी फी, मिळू शकतो. पण वयाची 21 वर्षं पूर्ण झाली की एच-4 संपतो, बहुतेक मुलं एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जातात, आणि एफ-1 वर रहिवासी ठरता येत नाही. ट्रान्स्फर झालेलं मूल नेमकं याच वयाचं असतं. रहिवासी दर गेला तर यूसीची वर्षाची फी 35 हजार डॉलरहून अधिकने वाढते. म्हणून कॅम्पसच्या रेसिडेन्सी कार्यालयाला आधीच लेखी विचारा, ओळखीच्या कुणाच्या सांगण्यावर राहू नका. यूएससीत फी सगळ्यांना सारखीच, व्हिसा बदलला तरी ती वाढत नाही, पण व्हिसावरच्या मुलांना गरजेनुसार मदतही मिळत नाही.

अर्जाचं स्वरूपही निराळं. यूसीचा एकच अर्ज सगळ्या कॅम्पसना जातो. शिफारसपत्र लागत नाही, साडेतीनशे शब्दांपर्यंतची चार उत्तरं लिहायची. त्यातलं एक सक्तीचं: निवडलेल्या विषयाची तयारी कशी केली? तिथे सरळ, नेमकं लिहावं. यूएससीचा अर्ज कॉमन ॲपवरून, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जावरून. विद्यापीठ का बदलायचंय आणि इथेच का, हे पटवून द्यावं लागतं. 'नाव मोठं आहे' हे उत्तर चालत नाही. अमुक प्रयोगशाळा, तमुक अभ्यासक्रम, त्याचा आपल्या आजवरच्या कामाशी संबंध, हे मुलाने स्वतः शोधलेलं असावं.

यूसीच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टॅग, प्रवेशाची हमी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ यांपैकी एकाच कॅम्पससाठी सप्टेंबरात टॅग भरता येतो. अटी पूर्ण केल्या की जागा पक्की. काही विषय त्यातून वगळलेले आहेत, आणि बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो टॅग देत नाहीत. यूएससीकडे अशी हमी नाही. त्यामुळे यूएससी हेच स्वप्न असलं तरी टॅग भरल्याशिवाय राहू नका.

मग यूएससी कुणी धरावं? ज्याला सिनेमा शिकायचाय (1929 पासूनची ही शाळा अमेरिकेतली सर्वांत जुनी आहे, तिचे अर्ज लवकर भरावे लागतात), ज्याला लॉस एंजेलिसमध्येच काम करायचंय, किंवा ज्याच्या घराला भरीव मदत मिळणार आहे, त्याने जरूर. इंजिनिअरिंग, बायॉलॉजी, इकॉनॉमिक्स अशा विषयांना, पूर्ण फी खिशातून भरायची असेल, तर दुप्पट खर्च करण्याएवढा फरक मला दिसत नाही. या दोघांपलीकडे पाहायचं, तर न्यूयॉर्क राज्यातलं खासगी कॉर्नेलही दरवर्षी शेकडो ट्रान्स्फर घेतं, तिथे शिफारसपत्रं लागतात, म्हणजे प्राध्यापकांशी ओळख हवी. स्टॅनफर्ड शंभरात एक-दोघांनाच घेतं.

शेवटी वेळापत्रक, कारण ओढाताण तिथे होते. यूसीचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात, निकाल एप्रिलअखेरपर्यंत, होकार 1 जूनपर्यंत. यूएससीचे बहुतेक अर्ज फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, निकाल मे संपता संपता. काहींना वसंत सत्राचे गुण पाठवायला सांगतात, त्यांना उत्तर मिळायला जुलै उजाडतो. तोवर यूसीची मुदत गेलेली असते. अशा वेळी 1 जूनच्या आत यूसीला होकार कळवून अनामत भरा. पुढे यूएससीकडून बोलावणं आलं आणि तिकडेच जायचं ठरलं, तर यूसीला लगेच तसं कळवा. ती अनामत परत मिळत नाही, पण सप्टेंबरात मुलाच्या हाती जागा तरी पक्की असते.