पिकअपची लो रेंज: नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या जूनमध्ये जुनी डबल कॅब पिकअप घेतली. डिझेल, हाताचा गिअर, फोर बाय फोर. राहायला आम्ही पुण्यात धायरीत आणि शेत वेल्ह्याच्या पुढे, डांबर संपल्यावर दीड किलोमीटर आत. पावसाळ्यात हा दीड किलोमीटर म्हणजे लाल चिखल, एक ओढा आणि ओढ्यानंतर मुरमाचा खडा चढ. आजपर्यंत अकरा हजार किलोमीटर झाले. ॲव्हरेज, सीट, एसी याबद्दल कुणीही सांगेल. मी लो रेंजबद्दल लिहितोय, कारण गाडी घेताना ती नीट समजावून सांगणारं मला कुणी भेटलं नाही, आणि त्यापायी जुलैत एकदा जिवावर बेतलं असतं.

माझ्या गाडीत दांडा नाही, फिरवायचा नॉब आहे. टू-एच म्हणजे फक्त मागची दोन चाकं ओढतात, फोर-एच म्हणजे चारही, आणि फोर-एल म्हणजे चारही, पण लो रेंजमध्ये. टू-एचमधून फोर-एचमध्ये चालत्या गाडीत जाता येतं. फोर-एलचं तसं नाही. तिथे ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीत, गिअरची वेगळी जोडी लागते. चाकांचा वेग साधारण अडीच पटीने कमी होतो आणि ओढ तेवढीच वाढते. पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू सरकते. म्हणून गाडी पूर्ण थांबवायची, ब्रेक दाबलेला, क्लच दाबलेला, गिअर न्यूट्रल, मग नॉब फिरवायचा. मीटरमधला दिवा लुकलुकतो, खालून ‘खट्’ असा आवाज येतो, दिवा स्थिर होतो. दिवा स्थिर होईपर्यंत क्लच सोडायचा नाही.

जुलैत आवणीचे दिवस होते. मागे युरियाच्या गोण्या, शेजारी चुलते. ओढा फोर-एचमध्ये सहज पार झाला. चढाच्या मध्यावर चाकं जागेवर फिरायला लागली. मी तिथेच थांबलो आणि फोर-एल टाकायला गेलो. दिवा लुकलुकत राहिला, खट् काही होईना. मला वाटलं, पहिला गिअर टाकून ठेवला की गाडी धरून राहील. गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय सैल केला. गाडी गिअरमध्ये असूनही सरळ मागे निघाली. चुलते ओरडले, “अरे हँडब्रेक ओढ!” ओढला. दोन-तीन फुटांवर थांबली. त्यांनी उतरून दोन्ही मागच्या चाकांना दगड लावले, तेव्हा कुठे माझा श्वास खाली बसला. मागे ओढा होता.

कारण नंतर कळलं. हायमधून लोमध्ये जाताना ट्रान्सफर केस मध्ये न्यूट्रलमधून जाते. दातावर दात बसला नाही तर ती तिथेच अडकून राहते, आणि मग इंजिनचा चाकांशी संबंधच उरत नाही. तुम्ही कुठलाही गिअर टाका, उतारावर गाडी सुटणारच. तेव्हापासून मी ओढ्याच्या अलीकडे, सपाटीला, चढ दिसतोय तोवरच फोर-एल टाकतो. हँडब्रेक ओढलेला असतोच. दिवा लुकलुकतच राहिला तर ब्रेक न सोडता पहिला गिअर टाकून क्लच केसभर उचलायचा आणि परत न्यूट्रल करायचं. आतले गिअर थोडे फिरतात आणि दात बसतात. सपाटीला हे करायला अर्धा मिनिटही लागत नाही.

लो टाकून उतरण्याचं सुख मात्र वेगळंच आहे. त्याच मुरमावरून पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडली की इंजिनच तिला धरून ठेवतं, ब्रेकला पाय लावावा लागत नाही. क्लचला तर उतारावर पायही लावायचा नाही, दाबला की धरलेली गाडी सुटते.

लो काढणं हा वेगळा विषय. माझ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नाही, म्हणजे फोर व्हील टाकली की पुढचं-मागचं एकत्र जखडलं जातं. वळताना पुढच्या चाकांना मोठा फेर पडतो, मागच्यांना लहान. चिखलात चाकं घसरून हिशेब मिटवतात. डांबरावर घसरता येत नाही, मग सगळा ताण शाफ्टवर साठतो. एकदा मी फोर-एलमध्येच डांबरावर येऊन वळलो. स्टिअरिंग जड झालं, गाडी हिसके द्यायला लागली आणि नॉब फिरवूनही लो निघेना. स्टिअरिंग सरळ करून पाच-सहा मीटर रिव्हर्स घेतली, परत थांबवून न्यूट्रल केली, तेव्हा मोठा आवाज होऊन सुटली. आता डांबराच्या अलीकडे मातीतच, चाकं सरळ करून काढतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असावेत तेही याचसाठी. दोन नवे आणि दोन जुने घातले तर सरळ चालतानाही ताण साठतो.

ऑक्टोबरात दिवा लुकलुकणंच थांबेना. एका सर्व्हिस सेंटरने न बघताच शिफ्ट मोटर (नॉब फिरवल्यावर आतले गिअर बदलणारी) बदलायला सांगितली, आकडा पाच अंकी. मी नाना पेठेत एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी खाली आडवं होऊन तिच्या वायरींचा कनेक्टर सोडवला आणि माझ्या हातात दिला. आत लाल गाळ आणि पिनांवर हिरवट गंज. साफ केला, वाळवला, ग्रीस लावून बसवला. तेव्हापासून तक्रार नाही. “चिखलातून आलात की खालून पाणी मारा, पण कनेक्टरवर प्रेशर नको,” एवढंच ते म्हणाले. त्याच वेळी ट्रान्सफर केसचं ऑइल बदललं. जुनं काळं नव्हतं, दुधाळ होतं, म्हणजे ओढ्याचं पाणी आत गेलेलं.

आता पाऊस नाही, चिखल नाही. तरी महिन्यातून एकदा शेताच्या वाटेवर दोन-तीनशे मीटर फोर-एल टाकून चालवतो, कारण न वापरलेली यंत्रणा ऐन जूनमध्ये आखडते. जुनी फोर बाय फोर बघायला जाणार असाल तर मालकाला मोकळ्या मातीच्या जागेवर यायला सांगा. तिथे लो टाका, काढा, पुन्हा टाका आणि दोन्ही वेळचा आवाज काचा खाली करून ऐका.